मुदत नसलेली चिठ्ठी

२००८ च्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या लंडनहून निघणाऱ्या वैद्यकीय साप्ताहिकात एका लहानशा चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. बौद्धिक अपंगत्व असलेली, आणि वारंवार अंगावर धावून जाणारी, मारणारी, वस्तू फोडणारी अशी ८६ प्रौढ माणसे इंग्लंड, वेल्स आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड या भागांतून निवडण्यात आली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे तीन गट पाडले होते. एका गटाला हॅलोपेरिडॉल हे जुने औषध, दुसऱ्याला रिस्पेरिडोन हे नवे औषध आणि तिसऱ्याला रंगारूपाने औषधासारखी, पण औषधाचा अंशही नसलेली पोकळ गोळी दिली जात होती, आणि कोणाच्या पोटात काय जाते हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते, घेणाऱ्यालाही नव्हते. चार आठवड्यांनी आक्रमकतेचे मोजमाप केले तेव्हा तिन्ही गटांतील माणसे पूर्वीपेक्षा पुष्कळ शांत झालेली आढळली. हॅलोपेरिडॉलच्या गटात आक्रमकतेचा आकडा ६५ टक्क्यांनी उतरला होता, रिस्पेरिडोनच्या गटात ५८ टक्क्यांनी, आणि ज्यांना पोकळ गोळी दिली होती त्यांच्या गटात ७९ टक्क्यांनी.

या आकड्यांचा अर्थ लावताना घाई करू नये. ८६ ही संख्या लहान आहे, आणि पोकळ गोळी हेच उत्तम औषध असा निवाडा त्या फरकावरून कोणी देऊ नये. चाचणी करणारे प्राध्यापक पीटर टायरर आणि त्यांचे सहकारी यांनीही तसा दावा केला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, केवळ आक्रमक वर्तनावर उपाय म्हणून ही औषधे शिरस्त्याने देण्याची वहिवाट यापुढे ग्राह्य धरता येणार नाही. तथापि पोकळ गोळीने माणूस शांत का व्हावा, हा प्रश्न उरतोच. वर्तनाचा पारा चढलेला असतानाच माणूस अशा चाचणीत घेतला जातो आणि चढलेला पारा पुष्कळदा आपणहूनच उतरतो, हे त्याचे एक उत्तर. आणि ते खरे असेल तर औषध दिल्यानंतर आलेल्या शांततेचे श्रेय औषधाच्या खाती जमा करण्याची आपली सवय फारच संशयास्पद ठरते. दुसरे उत्तर, जे मला अधिक पटते, ते चाचणीच्या व्यवस्थेतच आहे. ज्या माणसाकडे एरवी महिनोन्महिने कोणी फिरकत नव्हते त्याच्याकडे ठरावीक दिवशी कोणी तरी येऊ लागले, काळजी घेणाऱ्यांना समोर बसवून काल काय झाले, त्याच्या आधी काय झाले होते, याची विचारपूस करून ते लिहून घेऊ लागले. आणि आपल्याला हे विचारले जाणार आहे याची जाणीव असलेला काळजीवाहक साहजिकच त्या माणसाकडे अधिक बारकाईने पाहू लागला.

आजही या औषधांना मुख्यतः अँटिसायकॉटिक याच नावाने ओळखतात, आणि त्यांचा जन्म निराळ्याच व्याधीसाठी झाला. १९५२ साली पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे द्रव्य मनोरुग्णांवर वापरून पाहिले. आपल्याकडील जुन्या पिढीला ते ‘लार्गॅक्टिल’ या नावाने परिचित असेल. १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झाले. भास होणारा, आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे अशा भयाने रात्रंदिवस पोळणारा रोगी या औषधांनी सावरतो, हे सत्य आहे आणि त्या सत्याचे ऋण लक्षावधी कुटुंबांवर आहे. परंतु त्या काळच्या युरोपातील अवाढव्य आश्रयगृहांत भास होणारा रोगी आणि जन्मतः मंद बुद्धीचा, भास-भ्रम काहीही नसलेला माणूस हे पुष्कळदा एकाच छपराखाली, एकाच अपुऱ्या नोकरवर्गाच्या स्वाधीन होते, आणि एका खाटेवरच्या रोग्याला शांत करणारे औषध शेजारच्या खाटेवर जाण्यास कोणत्याही संशोधनाची वाट पाहावी लागली नाही. पुढे १९६९ साली कार्डिफच्या ईली रुग्णालयातील छळाचा चौकशी अहवाल बाहेर आला, १९७१ साली ब्रिटिश सरकारने अशा माणसांना समाजात राहता यावे म्हणून धोरणपत्रिका काढली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ती आश्रयगृहे एकामागून एक बंद झाली. माणूस बाहेर आला, आणि त्याच्या गाठोड्याबरोबर त्याची गोळीही बाहेर आली.

ती गोळी कशी टिकून राहिली याचा उलगडा होण्यास एक भयंकर प्रकरण घडावे लागले. ब्रिस्टलजवळ ‘विंटरबोर्न व्ह्यू’ नावाचे २४ खाटांचे एक खाजगी रुग्णालय होते. तेथे एका रोग्यामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड सरकारी तिजोरीतून भरले जात. टेरी ब्रायन नावाच्या एका वरिष्ठ परिचारकाने तेथील प्रकारांबद्दल तक्रार केली होती, परंतु ती दाद घेण्याजोगी कोणाला वाटली नाही. अखेर बीबीसीचा एक वार्ताहर नोकर म्हणून आत शिरला, आणि ३१ मे २०११ रोजी ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमात बौद्धिक अपंग माणसांना थपडा मारणे, जमिनीवर दाबून धरणे, कपड्यांसकट गार पाण्याखाली उभे करणे ही दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. ११ नोकरांवर दोष शाबीत झाला, त्यांपैकी सहा तुरुंगात गेले. मारहाण डोळ्यांना दिसते म्हणून तिचा निकाल लागला. परंतु या प्रकरणानंतर शासनाने जो विचार केला त्यात औषधांच्या अतिरेकाबद्दलची चिंताही स्पष्ट शब्दांत नोंदवली गेली, आणि मग कोणी तरी दप्तर उघडून मोजणी करावयास बसले.

२०१५ च्या उन्हाळ्यात ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या सरकारी खात्याने त्या मोजणीचा निष्कर्ष जाहीर केला. घरच्या डॉक्टरांच्या दप्तरात बौद्धिक अपंग म्हणून नोंद असलेल्या प्रौढांपैकी सुमारे १७ टक्के माणसे अँटिसायकॉटिक घेत होती, आणि त्यांतील ५८ टक्क्यांच्या बाबतीत ज्या व्याधीसाठी ते औषध असते तिचा उल्लेख दप्तरात कोठेच नव्हता. एकट्या इंग्लंडात कोणत्याही एका दिवशी ३० ते ३५ हजार बौद्धिक अपंग प्रौढांना अँटिसायकॉटिक किंवा औदासीन्यावरील औषध, अथवा दोन्ही, योग्य कारणाची नोंद नसताना दिली जात होती, असा हा हिशेब होता. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ३३,०१६ प्रौढांच्या दप्तराचा अभ्यास आला; त्यातही अँटिसायकॉटिक मिळालेल्यांपैकी ७१ टक्क्यांच्या नावावर तीव्र मनोविकाराची नोंद आढळली नाही.

येथे वाचकाच्या मनात एखाद्या दुष्ट डॉक्टराचे किंवा लोभी कंपनीचे चित्र उभे राहील, तर ते बाजूला ठेवावे. ही गोष्ट बहुतांशी अशा रीतीने घडते: वीस-बावीस वर्षांचा मुलगा एकाएकी आदळआपट करू लागतो, घरचे किंवा वसतिगृहाचे लोक टेकीला येतात, तज्ज्ञाकडे नेतात, तज्ज्ञ सद्हेतूने, तूर्त वेळ निभावून नेण्यासाठी औषध लिहून देतो, मुलगा निवळतो, तज्ज्ञ आपले काम झाले म्हणून प्रकरण घरच्या डॉक्टराकडे पाठवतो, घरचा डॉक्टर, हे औषध आपण सुरू केलेले नाही तेव्हा आपण कसे थांबवावे या रास्त संकोचाने, तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवतो, दरम्यान वसतिगृहाचे नोकर बदलतात, पूर्वी काय झाले होते हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि ज्या महिन्याची तजवीज म्हणून गोळी आली होती तो महिना पंधरा वर्षांचा होतो. या सबंध साखळीत प्रत्येकाने आपले कर्तव्य केलेले असते. सुरू करणाऱ्याची सही चिठ्ठीवर असते, मात्रा असते, वेळा असतात. कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन रकाने मात्र चिठ्ठीवर नसतात. माझ्या दृष्टीने या प्रश्नाचे मर्म औषधाच्या रसायनात नसून या दोन कोऱ्या रकान्यांत आहे.

कारणाचा रकाना भरावयाचा तर वर्तनामागे काय आहे ते शोधावे लागते, आणि ते शोधणे कष्टाचे असते. ज्याला ‘माझी दाढ दुखते’ असे सांगता येत नाही तो भिंतीवर डोके आपटतो. ज्याच्या कानात पू झाला आहे तो कानशिलावर ठोसे मारून घेतो. ज्या मुलीची पाळी वेदनेची आहे ती महिन्यातून चार दिवस चावते, ओरबाडते, आणि घरच्यांनी तारखा मांडून पाहिल्या नाहीत तर ‘मधूनच अंगात येते’ एवढाच तिचा लौकिक होतो. नित्याची बाई काम सोडून गेली, शाळा सुटली, वडील वारले आणि कोणी समजावून सांगितले नाही, शेजारी बांधकाम सुरू झाले, जेवण अर्धा तास पुढे गेले, यांपैकी कोणतेही कारण पुरते. इंग्लंडमधील शिक्षित काळजीवाहक यासाठी तीन रकान्यांची वही ठेवतात: आधी काय घडले, मग त्याने काय केले, आणि त्यानंतर इतरांनी काय केले. तिसरा रकाना वाचण्यासारखा असतो. मारल्यावर जर दरवेळी गोंगाटाच्या खोलीतून बाहेर नेले जात असेल, तर त्या माणसाने एक अचूक भाषा शिकून घेतली आहे. आपण तिचे निदान ‘आक्रमकता’ असे करतो.

पण सर्वांत चमत्कारिक प्रकार तो, ज्यात वर्तन हे औषधानेच निर्माण केलेले असते. आकडीवरची ‘गार्डिनल’ महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. ती आकडी थांबवते, स्वस्त आहे, आणि काही मुलांना ती अतिशय चंचल व चिडखोर करून सोडते. अलीकडच्या लेव्हेटिरॅसिटामनेही काहींच्या स्वभावात असा संताप उतरतो. हा संताप पाहून रिस्पेरिडोन सुरू होते. अँटिसायकॉटिक औषधांचा एक ज्ञात परिणाम असा की, माणसाला आतून असह्य तळमळ सुटते, एका जागी बसवत नाही, पाय हलवल्याशिवाय, येरझारा घातल्याशिवाय चैन पडत नाही. ज्याला बोलता येते तो डॉक्टरला सांगतो, ज्याला येत नाही तो येरझारा घालतो, दार बडवतो, आणि आजार वाढला असे समजून त्याची मात्रा वाढवली जाते. हातपाय ताठरले, लाळ गळू लागली, की जोडीला ‘पॅसिटेन’ येते. पॅसिटेनने तोंड कोरडे पडते, नजर धूसर होते आणि शौचास खडा होतो. अँटिसायकॉटिकही त्याला हातभार लावतेच. चार-पाच दिवस कोठा साफ न झालेला, बोलता न येणारा माणूस पोट दाबून ओरडतो, जेवणाचे ताट भिरकावतो, आणि चिठ्ठीवर आणखी एक नाव चढते. चार औषधांतील तीन पहिल्या औषधाच्या परिणामांवर आहेत, हे कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण पहिले कशासाठी होते तेच कोणाला ठाऊक नसते. बद्धकोष्ठाला आपण हसण्यावारी नेतो. पण बौद्धिक अपंगांच्या मृत्यूंची छाननी करणाऱ्या इंग्लंडमधील तज्ज्ञांनी त्याची गणना टाळता येण्याजोग्या मृत्यूंच्या कारणांत केली आहे. वजन वाढणे, मधुमेह, स्त्रियांत पाळी बंद होणे, पुरुषांतही स्तनांची वाढ, हे परिणाम तर वर्षानुवर्षे चोरपावलांनी येत राहतात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०१३ सालच्या चौकशीत बौद्धिक अपंग पुरुष सर्वसामान्यांहून १३ वर्षे आणि स्त्रिया २० वर्षे आधी मृत्यू पावतात असे आढळले. त्याला कारणे अनेक आहेत, आणि सगळा दोष गोळ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु आधीच तोकड्या असलेल्या आयुष्यात विनाकारण गोळी घालण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

ऑलिव्हर मॅकगोवन या अठरा वर्षांच्या मुलाचे प्रकरण इंग्लंडमध्ये सर्वश्रुत आहे. अर्भकावस्थेतील मेंदूज्वरामुळे त्याला सौम्य बौद्धिक अपंगत्व आणि आकडी होती, स्वमग्नताही होती. पण तो धावत असे, चेंडू खेळत असे, खोड्या काढीत असे. २०१६ च्या शरदात त्याला आकडीसाठी ब्रिस्टलच्या रुग्णालयात नेले. अँटिसायकॉटिक औषधे आपल्याला सोसत नाहीत हे त्याने स्वतः सांगितले होते, आईवडिलांनी सांगितले होते, आणि पूर्वीच्या कागदपत्रांतही ते नमूद होते. तरीही आकडीच्या भरात घाबरून धडपडणाऱ्या त्या मुलाला ओलान्झापीन देण्यात आले. त्या औषधांचा एक दुर्मिळ आणि प्राणघातक परिणाम असतो, ज्यात ज्वर चढतो आणि स्नायू लाकडासारखे ताठ होतात. त्याने ऑलिव्हरला गाठले, त्याच्या मेंदूला सूज आली आणि ११ नोव्हेंबर २०१६ रोजी तो गेला. मृत्यूच्या न्यायचौकशीत औषध देण्याचा निर्णय योग्य ठरवण्यात आला होता. त्यानंतर २०२० साली स्वतंत्र फेरतपासणीने हा मृत्यू टाळता येण्याजोगा होता असा अभिप्राय दिला. त्याची आई पॉला मॅकगोवन हिने पुढची वर्षे एकाच मागणीसाठी वेचली: ज्यांच्या हाती ही माणसे पडतात त्या प्रत्येकाला ती माणसे ओळखण्याचे शिक्षण सक्तीचे असावे. २०२२ च्या कायद्याने आरोग्य व शुश्रूषा देणाऱ्या संस्थांवर तसे बंधन घातले, आणि त्या शिक्षणक्रमाला ऑलिव्हरचे नाव आहे.

हे वाचून कोणी घरातील गोळ्या उद्या सकाळी केराच्या टोपलीत टाकील, तर तो अनर्थ होईल, आणि म्हणून दुसरी बाजू आवर्जून सांगितली पाहिजे. बौद्धिक अपंग माणसालाही खरा मनोविकार होऊ शकतो, होतोही, आणि तो बोलून दाखवू शकत नाही म्हणून पुष्कळदा निदानाविना राहतो. अशा माणसाचे औषध काढून घेणे हे त्याच्यावर दुसरे संकट आणण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे घेतलेली गोळी एकदम थांबवली तर झोप उडते, मळमळ होते, अंग थरथरते, तळमळ वाढते. आकडीची गोळी तोडली तर जीवावर बेतते. आणि समजा मनोविकार नाही, तरीही ज्या आईच्या दंडावर दातांचे वण आहेत, जिचा मुलगा आता तिच्याहून वीतभर उंच आणि दुप्पट वजनाचा आहे, तिला ‘वर्तन ही भाषा आहे’ असे ऐकवणे हा एक प्रकारचा उद्धटपणाच होय. तिला गोळीने दिलेली रात्रीची सहा तासांची झोप ही तिच्या संसाराची धारण आहे. गोळी काढावयाची तर त्या जागी दुसरे काही तरी घालावे लागते, आणि ते दुसरे काही तरी बहुधा माणूस असते.

इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने मे २०१५ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली त्यांत हा तोल बऱ्यापैकी साधला आहे. आधी शरीराची तपासणी, मग परिस्थितीत बदल आणि मानसशास्त्रीय उपाय. त्यांनी ठरलेल्या मुदतीत गुण आला नाही, किंवा स्वतःला वा इतरांना असलेला धोका फारच गंभीर असेल, तरच अँटिसायकॉटिक, आणि तेही त्या उपायांच्या जोडीला. सुरुवात तज्ज्ञाने करावी. तीन-चार आठवड्यांनी पाहणी. सहा आठवड्यांत गुण नसेल तर औषध बंद. चालू राहिले तर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर निदान दर सहा महिन्यांनी संपूर्ण फेरविचार. आणि दुसऱ्या डॉक्टराकडे प्रकरण सोपवताना औषध का दिले, किती काळ द्यावयाचे, कसे थांबवावयाचे हे लेखी कळवणे. म्हणजे माझ्या त्या दोन कोऱ्या रकान्यांची तजवीज येथे केलेली आहे. २०१६ साली इंग्लंडच्या आरोग्यसेवेने डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते, मानसशास्त्रज्ञ यांच्या संघटनांकडून जाहीर प्रतिज्ञापत्र घेऊन औषधांचा हा अतिरेक थांबवण्यासाठी ‘स्टॉम्प’ नावाची मोहीम सुरू केली, आणि २०१८ च्या अखेरीस मुलांसाठी ‘स्टॅम्प’ ही तिची धाकटी शाखा निघाली. चौदा वर्षांवरील प्रत्येक बौद्धिक अपंगाला घरच्या डॉक्टराकडे वर्षातून एकदा संपूर्ण तपासणीची सोय आहे, आणि त्या तपासणीत औषधांची उजळणी होणे अपेक्षित आहे. मोहिमेचे फळ आहे, पण ते फार संथ पिकते आहे. प्रतिज्ञापत्रावर सही करणे एका दिवसाचे काम असते, आणि रात्रपाळीला दुसरा माणूस नेमणे हा दरमहाचा खर्च असतो.

औषध उतरवण्याचे तंत्र धीराचे आहे. साधारणतः मात्रेचा दहावा ते चौथा हिस्सा कमी करून काही आठवडे थांबतात, वही पाहतात, मग पुढचे पाऊल. शेवटचा टप्पा सर्वांत सावकाश. एका वेळी एकच औषध. घर बदलणे, शाळा सुटणे, कोणाचे आजारपण अशा काळात हात लावीत नाहीत. कमी केल्यावर पहिले काही दिवस जी अस्वस्थता दिसते ती मूळ विकार परतल्याची खूण असेलच असे नाही. शरीर त्या औषधाला सरावलेले असते, त्याची ती कुरकुर असते. ब्रिटनमधील एका जुन्या अभ्यासात, जो २००० साली प्रसिद्ध झाला, ३६ जणांची मात्रा अशी क्रमाने उतरवण्यात आली: १२ जणांचे औषध पूर्ण सुटले, आणखी सात जणांचे निम्म्यावर किंवा त्याखाली आले आणि तेथे टिकले. उरलेल्यांपैकी अनेकांचे औषध पुन्हा सुरू करावे लागले, आणि संशोधकांनी ते का, याचा माग काढला तेव्हा असे दिसले की, त्या निर्णयाचा संबंध माणसाचे वर्तन बिघडण्याशी तितकासा नव्हता, जितका तो राहण्याच्या जागेशी आणि नोकरवर्गाच्या शिक्षणाशी होता. औषध पुन्हा सुरू होते ते पुष्कळदा सांभाळणाऱ्याच्या भीतीमुळे. त्या भीतीला मी दोष देत नाही. पण तिच्यावरचा उपाय दुसऱ्याच्या तोंडातून द्यावयाचा, हे मात्र विचित्र आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या एका गावी, आमच्या परिचयाच्या घरात, हे सारे लहान प्रमाणावर पाहावयास मिळाले. मुलगा पंचविशी ओलांडलेला. चिठ्ठी घड्यांवर फाटलेली, सेलोटेपने सांधलेली, तारीख वाचता येत नाही अशी. औषधाच्या दुकानदाराला ती दाखवावीही लागत नाही, ‘त्याच्या गोळ्या’ एवढे म्हटले की तो पट्ट्या काढून देतो. गोळ्या तो गिळत नाही म्हणून आई त्या कुटून वरणभातात कालवते. त्यांत आकडीची ‘क्रोनो’ गोळीही असे, जी दिवसभर हळूहळू विरघळावी अशा बेताने बनवलेली असते आणि कुटली की एकदम उतरते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. या बाईने मात्र एक गोष्ट कोणी न शिकवता केली होती. दुधाचा खाडा ज्या कालनिर्णयावर मांडायचा त्याच कालनिर्णयावर, मुलाने हात उगारला त्या दिवशी फुली आणि त्याचे पोट साफ झाले त्या दिवशी टिंब. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी ती पाने उलटून पाहिली. फुल्या बहुतेक टिंबांच्या मोठ्या खंडानंतर होत्या.

“ताई, आधी पोटाचं बघू, आणि मग गोळी थोडी कमी करू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“कमी करा हो, पण रात्री दोनला उठून अंगावर आला तर मी कोणाला हाक मारू?”

या प्रश्नाला बाईंनी आपला मोबाइल नंबर हे उत्तर दिले, जे व्यवस्थेचे उत्तर नव्हे. पॅसिटेन सुटली, सकाळची गोळी निम्मी झाली, क्रोनोऐवजी आकडीचे पातळ औषध आले. रात्रीची गोळी आहे तशीच आहे, आणि आई ती सोडावयास तयार नाही.

२०११ च्या जनगणनेत भारतात बौद्धिक अपंगत्वाची नोंद सुमारे १५ लाख माणसांच्या नावावर होती, आणि प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असावी असे या क्षेत्रातील माणसे मानतात. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही, आणि जे आहेत ते शहरांत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला पुष्कळ हक्क दिले, परंतु मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अपंगत्व वगळले. वगळण्याचा हेतू चांगला होता, हे दोन्ही एक नव्हेत असे सांगण्याचा. पण परिणामी मनोविकार नसताना मनोविकाराचे औषध घेणारा माणूस त्या कायद्याच्या उंबरठ्याबाहेर राहतो. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दाखल्यावर बुद्ध्यंक असतो, अपंगत्वाची टक्केवारी असते. पोटात जाणाऱ्या गोळ्यांचा पत्ता नसतो. बालगृहांत आणि निवासी शाळांत डॉक्टर महिन्या-पंधरा दिवसांनी येतो, पन्नास मुले पाहतो, आणि मागील औषधे चालू ठेवावीत असा शेरा मारून जातो; त्या वेळात याहून अधिक काही त्याच्याकडून होण्यासारखेही नसते.

तरीही एक दप्तर आपल्याकडे तयार आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, आणि अठरा वर्षांवरील बौद्धिक अपंगांसाठी पालक नेमण्याचा अधिकार तिला आहे. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या स्थावर-जंगम मालमत्तेची यादी सादर करावी, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत तिचा जमाखर्च दरवर्षी द्यावा, अशी कायद्याची आज्ञा आहे. ज्या बहुसंख्य पाल्यांच्या नावावर वीतभर जमीनही नाही त्यांच्या मालमत्तेचा हिशेब मागणाऱ्या या समितीला त्याच कागदाच्या पाठीमागे औषधाचे नाव, सुरू झाल्याची तारीख, कारण आणि पुढील फेरविचाराची तारीख असे चार रकाने आखून घेण्यास नवा कायदा लागणार नाही, एक परिपत्रक पुरेल. भरलेले रकाने तपासण्यास मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि तो तालुक्याला नाही, हे खरे. पण रकाना कोरा आहे एवढे तर समितीच्या कारकुनालाही दिसते, आणि कोरा रकाना असलेली प्रकरणे आधी तज्ज्ञापुढे ठेवावीत, असा क्रम लावून देणे कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याच्या आवाक्यातले आहे.